नावाड्याच्या जागी

दातांचा डॉक्टर भांडायला म्हणून वर आला आणि खेळायला बसला, ही सगळी आत्याची करामत. त्याचा दवाखाना खालच्या मजल्यावर आणि आत्याची गेम बनवणारी कंपनी बरोबर त्याच्या डोक्यावर. चाचणीला येणारी मंडळी हरली की पाय आपटायची, आणि खाली पेशंटच्या तोंडात त्याचा हात दचकायचा.

"अहो, एक दिवस माझ्या हातून धडधाकट दात निघेल कुणाचा तरी!" तो दारातच कडाडला.

"मग माणसं पाय का आपटतात ते बसून बघा तरी," आत्या म्हणाली आणि तिने त्याच्या हातात कंट्रोलर कोंबला.

दार उघडलं होतं तिच्या भाचीने. ऑफिसात तिला सगळे ज्योतिषीण म्हणायचे. कुणालाही पाच मिनिटं खेळताना बघितलं की ती त्या माणसाची खेळण्याची जात ओळखायची. काही जण नुसते जिंकायला येतात, काही कानाकोपरे धुंडाळायला, काही गप्पा छाटायला, आणि काही निव्वळ दुसऱ्याची खोडी काढायला. डॉक्टरला तिने बघताक्षणी जिंकणाऱ्यांत टाकलं. एवढा तणतणणारा माणूस दुसरा कोण असणार!

खेळ साधा होता. अंधारं तळं, पलीकडे दिव्यांचं गाव, आणि तिथे नेऊन सोडायला एक म्हातारा नावाडी. नावाड्याची अक्कल मात्र अजून तयार व्हायची होती. तोवर शेजारच्या खोलीत बसून ज्योतिषीणच त्याला हलवायची, त्याची उत्तरं टाइप करायची. खेळणाऱ्याला वाटायचं, कॉम्प्युटरच बोलतोय. चाचण्या संपेपर्यंत त्याला तसंच वाटायला हवं, नाहीतर माणूस मोकळेपणाने खेळत नाही, हा आत्याचा कडक नियम.

बाकीचे होडीत उडी मारून 'चल, चल' करायचे. डॉक्टर काठावरच थांबला. माइकवर म्हणाला, "नमस्कार आजोबा. जेवलात का?"

ज्योतिषिणीची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. इतके महिने ती नावाडी होत होती, पण त्याची अशी विचारपूस कुणी केली नव्हती.

'जेवलो,' तिने कसंबसं टाइप केलं.

"बरं झालं बोललात. माझे पेशंट उत्तरच देत नाहीत हो. तोंडात माझाच हात असतो ना!"

भिंतीपलीकडे ऐकू जाईल म्हणून तिने हसू तोंडातच दाबलं.

तळ्याच्या मध्यावर त्याने विचारलं, "दमलात? सरका तिकडे... द्या ते वल्हं." आणि एकेक बटण दाबून बघत त्याने खरंच वल्हं हातात घेतलं! ती सोय खेळात तिनेच हट्टाने घालायला लावली होती. आजवर ती कुणाला सापडली नव्हती, कारण कुणी शोधलीच नव्हती. पडद्यावर म्हातारा नुसता बसून होता, पाणी मागे सरकत होतं, गावाचे दिवे हळूहळू मोठे होत होते. तिला हे तळं तोंडपाठ होतं, तरी आज ते पहिल्यांदाच दिसत होतं. असंही खेळतात माणसं?

मग दवाखाना बंद करून तो रोज संध्याकाळी वर यायला लागला. दार ती उघडायची, पाणी द्यायची.

"बरे आहात?"

"हो... तुम्ही?"

की संपलं! दोघांची नजर एकदमच जमिनीवर. आणि भिंतीच्या अल्याड-पल्याड बसले की दोघांनाही कंठ फुटायचा.

"डॉक्टरांचा पाय आपटण्याचा अभ्यास बराच लांबला गं," आत्या म्हणाली.

"मला काय माहीत!" म्हणताना ज्योतिषिणीचे कान लालबुंद झाले होते.

आणि एका संध्याकाळी तळ्याच्या मध्यावर त्याने वल्हवणं थांबवलं.

"आजोबा, कुणाला सांगणार नसाल तर एक सांगू? इथे ती दार उघडते ना... ती मला फार आवडते. पण समोर आली की माझी बोबडी वळते. विचारू का तिला?"

'विचार,' तिने लिहिलं... आणि पुसलं. एवढा एक शब्द पाठवला असता तर तो बाहेर येऊन विचारणार होता, आणि ती हो म्हणणार होती. पण त्याने मन उघडं केलं होतं ते एका म्हाताऱ्यापुढे, तिच्यापुढे नाही. खरं सांगावं, तर कदाचित तो जिना उतरून जाईल तो कायमचाच.

ती उठली आणि त्याच्या खोलीत गेली.

"आजोबा मीच आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

त्याने हेडफोन काढले. चेहरा उतरला. "म्हणजे मी आत्ता जे बोललो..."

"ऐकलं."

"इथे सगळे हसत असतील मला."

"एकदाही नाही! मी कुणाला काही सांगितलेलं नाही. मी... नुसती बघत राहायची. इतकी माणसं मी बघितली, पण कुणी नावाड्याला बसवून स्वतः वल्हं मारलेलं नाही पाहिलं. तुम्ही कोणत्या प्रकारात बसता, हे मला ठरवताच येत नाही हो. रोज ठरवायला बसते आणि रोज थक्क होऊन उठते." "आधीच सांगायला हवं होतं. नियमाआड लपले. आणि... मलाही तुम्ही आवडता. फार."

त्याने पडद्याकडे बघितलं. होडी जागच्या जागी डुलत होती.

"मला राग आलाय," तो म्हणाला.

"यायलाच हवा."

"तो जाईपर्यंत थांबाल?"

"थांबेन."

"वेळ लागेल कदाचित."

"लागू दे."

त्याने पायाने शेजारची खुर्ची पुढे ओढली. "मग उभ्या का? बसा ना."

ती बसली.