बारावा कंदील

आभाळातल्या इमानाचं भूत म्हनलं की हसू येतं, व्हय रं यशवंता? हास. चार बुकं शिकलास, हसणारच. पर ही गोष्ट मला लखू कुणब्यानं सोत्ता सांगितलीया, आणि लखू थापा मारणाऱ्यातला न्हवता. दाराला कडी घाल जा, वारं येतंय. आणि मधी बोलू नगंस.

सन सदतीस. कार्तिकातली अवस, गुरुवार. बाजारकुणंगला तवा माझं दुकान होतं. दुपारच्याला लखू आला आणि घासलेटचा डबा भरून घेतला. म्या म्हनलं, "येवढं घासलेट? लगीन काढलंस काय घरात?"

"न्हाई अण्णा. पावणं यायचं हाईत," म्हनला आणि डबा डोक्यावर घेऊन दिग्गीच्या वाटंला लागला.

दिग्गी गावाच्या वर एक माळ हाय. चारी अंगानं रान, मधी बेटागत हा उघडा माळ, आणि मावळतीच्या टोकाला सरळ कडा. टपालाचं इमान वाट चुकलं तर उतरायला जागा असावी म्हणून सायबानं तो साफ केलता. राखणदार लखू. पैलं इमान चिखलात रुतलं, मग सायबानं मुरूम घातला. दुसरं गव्यावर आदळलं, मग कुंपण घातलं. इमान पडल्याबिगर ह्येंचा नवा नेम काय निघत न्हवता! शेवटी दिवं आलं. रातचं घरघर ऐकली की बारा कंदील लावायचं. अकरा पांढरं, वाट दावायला. बारावा तांबड्या काचेचा, कड्याच्या तोंडाला. म्हंजे हितनं फुडं याचं न्हाई.

घोळ झाला तो बाराव्याचाच. कड्याच्या कडंनं देवचाराची वाट जाती. देवचार म्हंजे रानाचा राखणा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. अवसंच्या राती त्याच्या वाटंवर दिवा ठेवायचा न्हाई, जो ठेवील त्याचं घर बुडतं, असं समदं मानत्यात. आदल्या वर्साच्या कार्तिक अवसंला घरघर आली. लखूनं अकरा कंदील लावलं, बारावा उचलला, आणि गावच्या जाणत्यानं, परशू बुदवंतानं, त्याचा हात धरला. "आज न्हाई, लखू. आज वाट त्याची हाय."

लखूनं ऐकलं. इमान माळावर टेकलं, पळत आलं आणि कड्याखाली गेलं. आत दोन माणसं होती.

सायबानं कागदावर लिवलं, वाऱ्यानं दिवा विझला. माळ बंद झाला, गाव सुटला. लखू तेवढा सुटला न्हाई. कारण त्या दिसापासनं दर अवसंला वरनं घरघर यायची. तीन घिरट्या. मग कड्याकडं जायची, आणि खालनं आवाज... धाड. गाव कानावर घोंगडं वडून पडायचा. लखूची बायको फुला मला म्हनली होती, "अण्णा, वरीस झालं, ह्ये धड जेवलं न्हाईत. म्हणत्यात, ती दोघं दर म्हयन्याला मरत्यात, आणि मारतोय मी."

तर त्या गुरवारी लखू कंदील भराय बसला. बुदवंत दारात आला. "बारावा लावलास तर वाळीत टाकीन. तुज्या चुलीला कोन इस्तू देणार न्हाई."

"टाक," लखू म्हनला. "वाळीत मी वरीसभर हायच."

अंधार पडला. अकरा कंदील लागलं. बारावा त्यानं ठेवला कड्याच्या तोंडाला, देवचाराच्या वाटंवर, बरोब्बर मधी. नुसता ठेवला न्हाई. सोत्ता तिथं मांडी घालून बसला.

दोन प्रहर रात झाली. रातकिडं गप झालं. एकदम.

डाव्या अंगानं वहाणा वाजल्या. कर्र... कर्र... जड पाऊल. कड्याच्या कडंनं येत होतं. अगदी जवळ आलं. आणि थांबलं.

भ्याला लखू, मलाच म्हनला, लई भ्यालो. पर मान वळवली न्हाई.

"देवचारा," तो म्हनला, "वाट तुजी हाय. न्हाई म्हणत न्हाई. पर मी उठणार न्हाई. खायाचं असंल तर मला खा. आदी वरच्या दोघांस्नी उतरू दे."

मग वर घरघर.

एक घिरटी. दोन. तीन.

घरघर खाली आली. माळावर काय दिसत न्हवतं. नुसता वारा. पैला कंदील थरथरला. दुसरा. तिसरा. आवाज वाढला. सातवा. आठवा. लखू बसलेला. धा. अकरा...

त्यानं डोळं मिटलं न्हाईत.

बारावा कंदील हलला न्हाई.

आवाज थांबला. खालनं धाड... आलीच न्हाई. वहाणा बी परत वाजल्या न्हाईत.

उजाडताना बुदवंत गाव घेऊन आला, मढं उचलायच्या तयारीनं. लखू तिथंच बसलावता. माळावर, दवानं भिजल्या मातीत, चाकांच्या ताज्या रेघा होत्या. बुदवंतानं बगितल्या, घसा खाकरला. "कुणाची तरी गाडी आली आसंल राती."

लखू उठला. पाय झाडलं. "मग बैलांची खुरं दाव."

खुरं न्हवती. दोन चाकं, आणि मधी इमानाचं शेपूट घासल्याली एक रेघ. माळाच्या मधूनच सुरू झाल्याली. सरळ कड्याकडं आल्याली. आणि तांबड्या कंदिलाच्या आलीकडं, वीतभर अंतरावर, थांबल्याली.

माघारी फिरल्याची रेघ... कुठंच न्हवती.