लाल पट्ट्यांचं दार

"शाळा म्हणते, माझ्या खोलीत कुणी राहतच नाही," लू आजी म्हणाल्या. "मग चाळीस वर्षं इथे काय भूत राहिलं?"

टपाल वाटता वाटता निवृत्त झालेल्या आणि आता खासगी तपास करणाऱ्या गाओबाई ऐकत होत्या. त्यांचे सोबती, माजी बसचालक फानकाका, मुरलेल्या लसणावर ताव मारत होते. खिडकीतल्या कानतुटक्या हिरव्या बरणीतला तो लसूण फर्मास होता.

बीजिंगच्या त्या गल्लीत आजींची खोली जेमतेम दोन खाटांची. पण हद्दीत राहणाऱ्यांच्याच मुलांना प्रवेश देणाऱ्या नामवंत शाळेच्या हद्दीत असल्यामुळे तिच्या किमतीत शहराबाहेर ऐसपैस घर आलं असतं. जुने शेजारी एकेक करून विकून गेले. आजी हलल्या नाहीत. आजोबा त्याच शाळेत सुतार होते आणि त्यांनी घडवलेल्या बाकावर नात शिआओमान बसणार होती. शाळेतली ती जागाच आता हातची गेली होती.

"यंदा दाराला नववर्षाच्या लाल पट्ट्या नाहीत?" फानकाकांनी विचारलं.

"हे हिवाळ्यात गेले. दुखवट्यात तीन वर्षं दाराला लाल लावायचं नाही."

"तपासणीला शाळेची माणसं आली तेव्हा कुठे होता?" गाओबाईंनी विचारलं.

"ह्यांच्या थडग्यावर. ह्यांचा जन्मदिवस होता. शेजारणीला सांगून, किल्ली तिच्याकडे ठेवून गेले होते मी."

बाहेर पडताना खोली क्रमांक तीनच्या पाटीच्या सैल स्क्रूत फानकाकांची बाही अडकली.

घरांचा दलाल थान चौकातच भेटला. "नातीला शाळेत जागा मिळाली नाही तर म्हातारी खोली विकेल, हे खरं. पण मी तिच्या दाराला हातही लावला नाही."

"हाच तो," फानकाका कुजबुजले.

शेजारची दोन नंबरची खोली शानबाईंनी गेल्या वर्षी घेतली होती. दाराला नववर्षाच्या फिकट लाल पट्ट्या होत्या आणि आत एक स्टूल. "मी इथेच राहते," त्या ठसक्यात म्हणाल्या. त्यांच्या मुलाला प्रवेश मिळाला होता.

शाळेतल्या झोऊ बाईंनी तपासणीचे फोटो दाखवले. तीन नंबरच्या दाराला लाल पट्ट्या, आत रिकामं. दोन नंबरच्या उघड्याबोडक्या चौकटीत शानबाई हसत उभ्या, मागे खिडकीत कानतुटकी हिरवी बरणी.

संध्याकाळी गाओबाईंनी सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"काका, लसूण कुठे खाल्लात?"

"आजींकडे. त्याच बरणीतला."

"मग फोटोत ती बरणी दोन नंबरात कशी? बरणी हलली नाही, तपासणीपुरत्या पाट्या हलल्या; तीनच्या पाटीचा स्क्रू सैल आहे तो म्हणूनच. दुखवट्याच्या दाराला लाल नसतं, म्हणजे लाल पट्ट्यांचं ते दार आजींचं नव्हेच. थानला आजींची खोली रिकामी दाखवून भागलं असतं. आजींचा संसार आपला म्हणून दाखवायची गरज एकाच माणसाला होती."

शानबाईंचा चेहरा उतरला. "रिकाम्या खोलीलाही शुभ म्हणून पट्ट्या लावल्या होत्या. मुलासाठीच केलं सगळं."

"माझीही नातच आहे की," आजी म्हणाल्या.

फानकाका ओशाळून थानकडे पाहत राहिले.

आठवड्याने झोऊ बाई स्वतः प्रवेशाचं लाल पत्र घेऊन आल्या. शिआओमान ते दारावर चिकटवायला धावली.

"दारावर नाही," आजींनी तिला थांबवलं. "आत, आजोबांच्या फोटोशेजारी लाव. बाक त्यांनी केलाय, पहिल्यांदा त्यांना दिसू दे."

मग त्या उंबऱ्यात ताठ उभ्या राहिल्या आणि भाव विचारायला आलेल्या थानला म्हणाल्या, "नातीची शाळा संपली की, सहा वर्षांनी ये. तेव्हाही नाहीच म्हणणार आहे."