आमच्या कॅफेतली करपलेली कॉफी

माझे बाबा आईच्या समोर पहिल्यांदा आले ते भांडायला. हाताला पीठ, कपाळाला पीठ, भुवयांनाही पीठ, आणि हातात एक पाव. तो त्यांनी सरळ तिच्या नाकासमोर धरला.

"वास घ्या."

आईने घेतला. "छान आहे की."

"अहो, छान काय? पावाला पावाचा वास यायला हवा. याला तुमच्या कॉफीचा येतोय."

"मग जास्तच छान," आई म्हणाली आणि पाठ फिरवून बिया उपसायला लागली.

बाबांचं म्हणणं, वळताना ती हसली होती. आईचं म्हणणं, हसते कशाला, नाकात धूर गेला होता. मी दोघांचंही ऐकून घेते आणि मला पटतं ते लिहिते. ती हसली होती.

आमच्या कॅफेत येणारा प्रत्येक नवा माणूस विचारतो की मधोमध ही अर्धी पाडलेली भिंत का ठेवली आहे. म्हणून सांगते. तेव्हा ती भिंत पूर्ण होती. अलीकडे आईच्या वडिलांचं कॉफी भाजून विकायचं दुकान. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीसुद्धा. पलीकडे बाबांनी नुकतीच भाड्याने घेतलेली बेकरी. दोन भट्ट्या, पण धुराडं एकच. त्यामुळे कॉफीचा धूर पावाला आणि पावाचा वास कॉफीला. भिंतीत अगदी वर एक झरोका होता, त्यातून भांडण करायची सोय होती.

आणि भांडणं झालीच. आई म्हणायची, तुमचं पीठ उडून आमच्या बियांवर बसतंय. बाबा म्हणायचे, बसू दे, दमलं असेल वरपर्यंत चढून. बोलण्यासाठी ती पोत्यावर चढायची, ते पिठाच्या पालथ्या डब्यावर, तरी एकमेकांना दिसायचं ते फक्त कपाळ आणि डोळे. मला विचाराल तर तेवढं पुरतं. थोड्या दिवसांनी भांडण संपलं की झरोक्यातून एक लांब दांड्याची फळी आत यायची, भट्टीतून पाव काढायची असते ना, ती. तिच्या टोकावर एक गरम गोड बन. आई बन घ्यायची, फळीवर मूठभर ताज्या भाजलेल्या बिया ठेवायची. फळी परत जायची. "अहो" कधी गेलं आणि "अरे" कधी आलं, दोघांनाही आठवत नाही.

आता भाजणीचं सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच झाला. बिया तापल्या की तडतडतात, मग गप्प होतात. त्या गप्पपणात उतरवायच्या. नाही उतरवल्या तर पुन्हा बारीक तडतड सुरू होते, आणि ती ऐकू आली म्हणजे माल हातचा गेला. हे सगळं कानाने कळतं. आईचा कान असा होता की अण्णांनी भट्टी तिच्या हवाली केली होती आणि स्वतः गल्ल्यावर बसायचे. तिच्या हातून एक बी कधी जळली नव्हती.

त्या दुपारी पहिली तडतड संपली, आणि नेमका झरोक्यातून आवाज आला.

"एक विचारू?"

"विचार ना."

"म्हणजे… तू कधी… या बाजूला येशील?"

आई गप्प. बिया गप्प. बाबाही गप्प. मग बिया बोलल्या, पण आईला ऐकूच आलं नाही. कळलं ते धुराने डोळे चुरचुरले तेव्हा.

अण्णा धावत आत आले. कोळशासारख्या काळ्या बिया पाहिल्या, मग वर झरोक्यात एक पिठाळ कपाळ पाहिलं. त्यांना काही विचारावं लागलं नाही. हा माल फेकून दे, ते म्हणाले, उद्यापासून भट्टी मी सांभाळतो, आणि तो झरोका विटा लावून बुजवून टाकतो. ज्याचं लक्ष दुसरीकडे, त्याने आगीपाशी उभं राहू नये.

"लक्ष दुसरीकडे आहे, खरंय," आई म्हणाली. "पण फेकणार नाही. आणि भट्टीही सोडणार नाही."

लहानपणी मला वाटायचं, ही गोष्ट आईने बाबांना निवडल्याची आहे. नाही. तिला भट्टीही हवी होती आणि तोही, आणि यातलं एक सोड असं तिला कुणी सांगितलेलं चालणार नव्हतं.

सकाळी तिने घडीचं टेबल ओढत फुटपाथवर आणलं, बरोबर दोन दारांच्या मधे. त्याच करपलेल्या बिया दळल्या, किटली भरली, पुठ्ठ्यावर लिहिलं: करपलेली कॉफी. भुरभुर पाऊस. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे पोस्टमन. एक घोट घेतला आणि औषध प्याल्यासारखं तोंड केलं.

आई तडक पलीकडच्या दारात गेली. पहिल्यांदाच.

"काल विचारलं होतंस ना? आले. एक बन दे. गोड."

बाबांनी एक नाही, अख्खा ट्रे आणला. पोस्टमनने बन त्या कॉफीत बुडवला, खाल्ला, आणि कप पुन्हा पुढे केला. मग त्याच्या मागे आणखी कुणी थांबलं, त्याच्या मागे आणखी कुणी. पाऊस वाढला तसा बाबांनी रिकामा झालेला ट्रे आईच्या डोक्यावर छत्रीसारखा धरला. स्वतः मात्र भिजत उभे. पीठ ओघळून त्यांच्या नाकावरून ठिबकत होतं, असं आई सांगते, आणि हे सांगताना ती हसते, तेव्हा धूर वगैरे काही नसतो.

तेवढ्यात बेकरीच्या दारातून काळा धूर यायला लागला.

"अरे, तुझे पाव करपतायत."

"करपू दे," बाबा म्हणाले. ट्रे जरासुद्धा हलला नाही.

माझ्या मैत्रिणींना फुलं, चिठ्ठ्या असलं काय काय हवं असतं. मला "करपू दे" हवंय.

वासाने अण्णा बाहेर आले. एकीचा माल काल जळालेला, दुसऱ्याचा आज. त्यांनी कप घेतला.

"कडू आहे."

"आहेच," आई म्हणाली. "बनाबरोबर घ्या."

त्यांनी बन घेतला. संपवला. कपही संपवला, आणि आत निघून गेले. होकार नाही, नकार नाही. त्यानंतर रोज टेबल लागायचं, रोज अण्णा यायचे, तोंड वाकडं करून पूर्ण कप प्यायचे. एका सकाळी मात्र ते हातोडा घेऊन आले. आई दारात आडवी उभी राहिली. झरोका बुजवायचा नाही, म्हणाली.

"बुजवतोय कोण? मोठा करतोय," अण्णा म्हणाले. "त्या पोत्यावरून पडून हात मोडलास तर भाजायचं कुणी?"

त्यांनी झरोका मोठा करायला घेतला तो कमरेपर्यंत खाली आला. तीच ही अर्धी भिंत. करपलेली भाजायची असली की आई अजूनही कान लावून बसत नाही. भिंतीपाशी जाते, बाबांशी काहीतरी वाद उकरून काढते आणि परत येते, तोवर झालेली असते.

रविवारी भट्टी माझ्याकडे असते. अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि दम देतात, लक्ष इकडे हवं.

"आहे, अण्णा," मी म्हणते. "सध्या तरी."