आंबीरगडची खंडेनवमी

पूर्वेला तांबडे फुटत होते, खोऱ्यात धुके साचले होते, आणि आंबीरगडच्या बुरुजांवरचे पहारेकरी कारण नसताना एका जागेवरून दुसऱ्या जागी फिरत होते. सन सत्तावन्नच्या त्या आश्विनात कंपनी सरकारच्या राज्याला आग लागली होती. छावणीत उठाव करून निसटलेल्या पलटणीचा एक परदेशी, म्हणजे उत्तर हिंदुस्थानातला, सुभेदार, मांडीत गोळी घेऊन, गडाच्या आश्रयाला आला होता, आणि किल्लेदार सुभानजीराव धुमाळांनी देवीचा भंडारा उचलून त्याला अभय दिले होते. तो साहेबाच्या हाती लागता तर थेट तोफेच्या तोंडी जाता, हे शेंबड्या पोरानेही सांगितले असते.

त्यातच खंडेनवमी उजाडली. गडाची रीत अशी, की त्या दिवशी तलवारीपासून बंदुकीपर्यंत झाडून सारी हत्यारे देवीपुढच्या चौथऱ्यावर मांडायची, आणि एकदा अक्षता पडल्या की दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. पूजेतले हत्यार जो उचलील त्याचा निर्वंश होईल, असे वाडवडील सांगून गेले होते. शत्रू उंबऱ्याशी आला असता असली रीत पाळणे हा शुद्ध वेडेपणा, असे आज आपण खुशाल म्हणावे. त्या दिवशी गडावर तसे म्हणणारा कोणी नव्हता.

ही रीत साहेबाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! किल्लेदारीवर डोळा ठेवून बसलेल्या भगवंतरावाने, सुभानजीरावांच्या सख्ख्या चुलतभावाने, ती त्याच्या कानी घातली होती.

अक्षता पडल्या, शंख वाजला, आणि बाळोजी हवालदार धापा टाकत देवळात शिरला.

"सरकार, घात झाला! भगवंतरावांनी खालचा दरवाजा आतून उघडला. गोऱ्यांची फौज पायऱ्या चढतेय!"

"वरचा दरवाजा?"

"लावून घेतलाय. पण नुसत्या अडसरावर तो किती तग धरणार?"

सुभानजीराव ताडकन उठले. चौथऱ्याकडे गेलेला त्यांचा हात मात्र मध्येच थांबला. ते भित्रे नव्हते. पण आत वाड्यात त्यांच्या पत्नीला नववा महिना लागला होता.

"भटजी, उत्तरपूजा आत्ता सांगा."

"उद्याच्या मुहूर्तावाचून सांगता येत नाही, सरकार. सांगितली तरी दोष चुकत नाही."

एवढ्यात वरच्या दरवाजाबाहेरून भगवंतरावाचा आवाज आला. "दादासाहेब, सुभेदाराला हवाली करा! हत्याराला हात लावाल तर धुमाळांचा दिवा विझेल!"

सगळी शिबंदी खाली मान घालून उभी राहिली. सोप्यात सुभेदार भिंतीला धरून उठू पाहत होता. आपल्यापायी गड बुडतो आहे, हे त्याला कोणी सांगायला नको होते.

तेव्हा देवळाच्या मागल्या दारातून अंबूबाई आत आल्या. सुभानजीरावांच्या थोरल्या बंधूंची ही विधवा, पोटी मूलबाळ नाही. सणाच्या पूजेला सावलीही पडू नये म्हणून दाराआड बसणारी बाई सरळ चौथऱ्यापाशी येऊन उभी राहिली.

"बाईसाहेब, आपण इथं..." भटजी चाचरले.

"बाजूला व्हा, भटजी. उचलील त्याचा निर्वंश, असंच ना? सटवाईनं माझ्या कपाळी वंश लिहिलाच नाही. मग माझं जायचं काय?"

त्यांनी थोरली तलवार उचलली. झेंडूची फुले फरशीवर पडली.

"घ्या, भावजी. उचलली मी. तुम्ही फक्त माझ्या हातून घेताय." मग त्या शिबंदीकडे वळल्या. "पुढं व्हा रे! प्रसादाला येता तसे एकेक या."

आणि ते आले. कोणी तलवार घेतली, कोणी भाला, कोणी बंदूक. हत्यार हाती पडले की गडी दरवाजाकडे पळत होता. काय सांगावे त्या बाईचे! दरवाजाला पहिला धक्का बसला तेव्हाही त्यांच्या हाताची लगबग थांबली नव्हती. तिकडे चोरदिंडीतून सुभेदाराची डोली दोरांनी कड्याखाली सोडली जात होती.

वरचा दरवाजा दुपारपर्यंत झुंजला. मग साहेबाने तोफ वर चढवून तो फोडला. धावत दारूच्या पिशव्या पोचवणाऱ्या अंबूबाई तिथेच गोळी लागून पडल्या. डोली नदीपार झाल्याची खूण पलीकडल्या टेकडीवरून धुराने मिळाली, तेव्हा कुठे सुभानजीरावांनी तलवार खाली ठेवली. संध्याकाळी त्यांनीच वहिनींना अग्नी दिला.

दसऱ्याच्या सकाळी गडावरून सीमोल्लंघन निघाले नाही. सुभेदार निसटल्याने चरफडणारा कप्तान, भगवंतरावाला बरोबर घेऊन, कैद्यांना पाहायला चौकात आला. तिथे गडाचा न्हावी बसला होता आणि त्याच्यापुढे कैद्यांची रांग लागली होती. दुपारी ज्यांना फाशी द्यायचे ठरले होते ते सुभानजीराव मिशी उतरवून केव्हाच उठले होते. आता बाळोजी बसला होता.

"हे काय चालले आहे? शरण आल्याची खूण?" कप्तानाने विचारले.

"नाही, साहेब. आमच्यात आईबाप गेल्यावरच मिशी उतरवतात," भगवंतराव म्हणाला.

"मग यातल्या कोणाची आई गेली?"

भगवंतरावाला त्या रांगेकडे पाहवेना.

"सगळ्यांची," तो म्हणाला.