पीळोच्या उजेडात

“कावीळ कधीपासून आहे तुम्हाला?”

बाळंतिणींच्या वॉर्डच्या दारात गवराची एका तरण्या डॉक्टरशी टक्कर झाली होती. डब्यातले ओव्याचे लाडू सांडता सांडता वाचले होते, आणि माफी मागायची सोडून हा माणूस तिचे पिवळेधमक तळवे न्याहाळत होता!

“जन्मापासून,” ती म्हणाली. “बापूजींनाही आहे. आजोबांनाही होती.”

“घराण्यातच? मग...” त्याने वाकून तिच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे पांढरेस्वच्छ होते. तरी तो तिथे जरा जास्तच रेंगाळला.

“छीपे आहोत आम्ही, डॉक्टरसाहेब. कापड रंगवतो. निम्म्या बीकानेरच्या बाळंतिणी आमच्या हातचा पीळो पांघरतात.”

डॉक्टर कानापर्यंत लाल झाला. बाळंत झालेल्या लेकीला माहेरून येणारी ती पिवळी ओढणी, लाल काठांची, त्यानेही शेकडो वेळा पाहिली होती. पण ती रंगवणारे हात कधी पाहिले नव्हते. गवराला हसू आवरेना.

त्याचं नाव नरपत गहलोत. संध्याकाळी तो नेमका तिच्या भाभीच्याच खाटेपाशी आला. ठणठणीत जन्मलेल्या बाळांपैकी कोण पुढे पिवळं पडेल, हे आधीच सांगता येतं का, हे तो शोधत होता. त्यासाठी तो जन्मतःच नाळेतलं थोडं रक्त तपासायचा; या बाळाचंही तपासलं होतं.

“उद्या घरी न्या,” तो गवराच्या भावाला म्हणाला. “पण परवा सकाळी मला आणून दाखवा. हा पिवळा पडेल असं वाटतंय.”

“हा?” गवराने पुतण्याचा गुलाबी गाल पुढे केला. “हा डाळिंबाचा दाणा?”

“आज आहे डाळिंब. आजचं मी कुठे म्हणतोय?”

“पिवळ्यातलं तुम्ही मला सांगणार? हळदीचा, केशराचा, लिंबाचा... झोपेतही ओळखेन मी. लावता पैज? मी हरले तर म्हणाल ते कापड रंगवून देईन.”

“बाळावर पैज नाही लावत मी, भुआजी.” तो हसत म्हणाला खरा, पण डोळे हसत नव्हते. “फक्त आणा त्याला.”

त्या नजरेने गवराच्या मनात उगाच काहीतरी हललं. लगेच रागही आला. भुआजी म्हणे! आत्याबाई!

परवा उजाडला तोच धांदलीत. भाभीच्या माहेरची माणसं पीळो घेऊन आली. तो गवरानेच रंगवला होता, पण तिने साळसूदपणे तोंडभर कौतुक केलं. लापशी शिजली, गाणी झाली. भावाने दवाखान्याची आठवण काढली, तेव्हा तीच म्हणाली, “मी बघतेय ना! जरासुद्धा पिवळा नाही.” दर थोड्या वेळाने ती खोलीत डोकावत होती. बाळ होतं तसंच दिसत होतं.

दुपारी भाभी नणंदेला कौतुकाने म्हणाली, “बाईसा, किती शहाणा आहे हो! रडत नाही, प्यायलाही उठत नाही.”

गवरा चपापली. तिने बाळाला उचललं आणि पहिल्यांदाच त्या खोलीकडे नीट पाहिलं. अंगणभर दोऱ्यांवर पीळो वाळत होते. त्यांच्यातून गाळून आलेलं ऊन खिडकीतून आत पसरलं होतं. भिंत पिवळी, चादर पिवळी, भाभीचे दात पिवळे. या उजेडात पिवळं दिसणार ते कसं?

ती धावतच पुढच्या दुकानात गेली. कोऱ्या कापडाचे तागे पांढरेशुभ्र पडले होते. तिने त्यावर बाळाला ठेवलं. कपाळ, छाती, पोट, सगळं हळदीचं. ज्या रंगावर तिचा सगळा तोरा होता, त्यानेच तिला दगा दिला होता.

रिक्षा थांबली तेव्हा नरपत दवाखान्याच्या फाटकातच होता, हातात स्कूटरची किल्ली.

“तुमच्याकडेच निघालो होतो,” एवढंच तो म्हणाला आणि बाळ घेऊन आत गेला.

बाळ डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्यांखाली झोपलं. भाभीने दूध काढून चमच्याने पाजलं. दुसऱ्या दिवशी रक्तातल्या काविळीचा आकडा उतरला, तसं पोरगं भोकाड पसरून रडलं. गवराला तो आवाज सनईसारखा वाटला. मग ती व्हरांड्यात जाऊन स्वतःच रडली.

“आता तुमचा आकडा बघायचा का?” मागून नरपत आला.

“रागवा ना एकदाचे. तुम्हाला आधीच कळलं होतं. मी आडवी आले.”

“मला काय कळलं होतं? अंदाज होता. वेळेत कोणी आलं नाही तर अंदाजाचं काय करायचं?” तो कठड्याला टेकला. “बायका सांगतात, घरी रोज बघत होतो. मला वाटायचं, थापा मारतात.”

“थापा नाहीत.” गवराने डोळे पुसले. “पीळो पांघरून, मांडीवर घेऊन बघतात. मी तर अख्ख्या अंगणाच्या उजेडात बघितलं.”

“हे मला कोणत्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं,” तो हळूच म्हणाला, आणि त्या साध्या कबुलीवर गवराचा जीव जडला.

पुढच्या आठवड्यात ती कोऱ्या कापडाचे तुकडे घेऊन वॉर्डात आली. घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळासाठी एक. यावर ठेवायचं, उघड्या उजेडात आणायचं, मग बघायचं. आणि डॉक्टरांनी बोलावलं की यायचंच. बायकांना ती असं दटावून सांगे की नरपत लांबून बघत राही.

एका सकाळी तो दुकानात येऊन उभा राहिला. बापूजी आत रंग ढवळत होते.

“पैज तुम्ही हरलात.”

“तुम्ही लावलीच नव्हती ना?”

“कापड मात्र हवंय. पीळो.”

गवराचा हात ताग्यावरच थांबला. “घरात... कोणी बाळंत आहे?”

“नाही. लग्नच झालं नाही अजून.”

“मग कशाला? आणि पीळो सासरची माणसं नाही आणत, साहेब. तो माहेरून येतो.”

“माहीत आहे,” नरपत म्हणाला. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. “म्हणून तर तुमच्या माहेरी सांगायला आलोय. घाई नाही. अंदाज आपला... आधीच सांगून ठेवतोय.”

आतलं ढवळणं थांबलं. गवराने मान खाली घातली. तिच्या पिवळ्या बोटांनी ताग्यातलं सगळ्यात तलम कापड चाचपून पाहिलं.

“बापूजी,” तिने आत हाक मारली, “हा तागा विकू नका.”