वाकडा भांग

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मावशी पार्लरमधले कंगवे साबणाच्या पाण्यात टाकायची. त्या दिवशीही तिने तेच केलं, आणि मग गरोदर सुनेला खुर्चीत बसवलं. संध्याकाळी निर्वासितांच्या वसाहतीच्या अध्यक्षबाई तिला पाहायला येणार होत्या. सून 'आपल्यातली' ठरली तर वसाहतीत राहणार, नाहीतर पोटातल्या बाळासकट चालू पडायचं. पुरावा एकच, भांग. आपला मधोमध, युद्धातल्या पलीकडच्यांचा बाजूला.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. युद्धाआधी कुणाच्या बापाला ठाऊक होतं हे? भोवरा असेल तिकडे आई भांग पाडायची. एका घरात दोन बहिणींचे दोन तऱ्हेचे. मग नाक्यावर बंदूकवाल्यांनी बायकांच्या डोक्यावरचे रुमाल ओढले. सरळ भांगवाल्या एका ट्रकमध्ये, वाकड्या दुसऱ्यात. तो दुसरा ट्रक कुठे गेला, आजतागायत कळलं नाही. मावशीची धाकटी बहीण त्यातच होती. आणि इकडे येऊन वसाहतीतली आपलीच माणसं बंदूकवाल्यांनी ठरवलेली खूण रक्ताची म्हणून मिरवत होती!

"आई, टोचतंय."

"टोचू दे. गप बस जरा."

मावशीने मधोमध रेघ काढली, दोन्हीकडे चाप लावले. कंगवा खाली ठेवेपर्यंत केस चापांखालून सरकत डावीकडे गेले. तिने पाणी मारलं, जेल चोपडलं. केस पुन्हा हलले, सावकाश, कुणी बोटांनी विंचरावेत तसे. खिडकी बंद होती. पंखाही बंद होता.

"आई, तुमचा हात इतका गार कसा?"

मावशी तेव्हा बेसिनपाशी उभी होती.

सोबतच्या बायकांना बाहेर थांबवून अध्यक्षबाई हसतच आत आल्या. "काय मावशी, अजून नटवणं चाललंय? बघू." हसू मावळलं. "वाटलंच मला. ऊठ गं. आपला भांग कसा असतो ते दाखवते हिला. घ्या कंगवा."

त्या खुर्चीत बसल्या. मावशीने रेघ काढली, मुद्दाम सुतासारखी सरळ.

रेघ डावीकडे चालू लागली.

बाईंनी तळव्याने केस मागे लोटले. ते परत आले. आरशात त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय केलंत तुम्ही?"

"मी कुठे काय केलंय? डोकं तुमचंच आहे."

"कापा."

"किती?"

"सगळे! मुळापासून."

बाहेर ताटकळलेल्या बायकांनी दार वाजवलं. मावशी हलली नाही.

"आणि माझी सून?"

"राहू दे तिला! मी सांगते सगळ्यांना. आधी कापा."

मशीन फिरली. बाई डोक्याला रुमाल करकचून बांधून निघून गेल्या. मावशीने केस झाडून कोपऱ्यात ढीग केला आणि सुपली आणायला वळली.

परत आली तेव्हा ढिगाला भांग पडला होता. बाजूला. नुकताच ओला कंगवा फिरवल्यासारखा.