तोर्लेइवला सांगू नका

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या गावात दर मंगळवारी दुपारी तोर्लेइव आणि सिव्हेर्त बुद्धिबळाचा डाव मांडत. तोर्लेइव निवृत्त न्यायाधीश, सिव्हेर्त गावचा पाद्री. तोर्लेइव आणि त्याची बायको रग्ना दोघंही पक्के नास्तिक. पण वसंतात खाडीत रग्नाची होडी उलटली. तिला मातीआड करून आल्यापासून तोर्लेइव जुनेच प्रश्न वेगळ्या आवाजात विचारू लागला. या श्रद्धेला बुद्धीला पटेल असा एक तरी आधार आहे का?

“येशूच्या पुनरुत्थानाला साक्षीदार होते,” सिव्हेर्त म्हणाला.

“केव्हाच मरून गेलेल्यांची उलटतपासणी कशी घेऊ? जिवंत साक्षीदार आण.”

सिव्हेर्तने उंटावरचा हात काढून घेतला. “ओलाउगशी बोल,” तो खाली बघत म्हणाला.

ओलाउग प्रार्थनेनंतर चर्चमध्ये कॉफी द्यायची. तिने बराच वेळ कप पुसण्यात घालवला. मग म्हणाली, “रग्ना येते रे. रविवारी. खिडकीपाशी बसते.”

“कोण रग्ना?”

“तुझीच.”

त्याला संताप आला, पण न्यायाधीशाची हाडीमाशी खिळलेली सवय सुटेना. त्याने गावातल्या माणसांना एकेकटं गाठलं. कुणी म्हणे करडा स्वेटर, कुणी म्हणे निळा कोट. कुणी तिला गाताना पाहिलं होतं, कुणी नुसतं बसलेलं. पढवलेले साक्षीदार पोपटासारखं एकच बोलतात, हे त्याने उभी हयात पाहिलं होतं. ही माणसं तशी बोलत नव्हती. एकाच गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. तिचे केस ओले असतात.

तो तडक सिव्हेर्तकडे गेला. “माझ्यासमोर बसून प्यादी हलवत होतास. आणि हे ठाऊक होतं तुला?”

“तिनंच बजावलं होतं.”

“काय?”

“तोर्लेइवला सांगू नका. तो मला नुसते प्रश्न विचारत बसेल.”

बोलणं रग्नाचंच होतं. जिवंतपणी चर्चची पायरी न चढलेली ती बाई अख्ख्या गावाला भेटत होती, एक नवरा सोडून.

रविवारी तो गेला. खिडकीपाशी त्याला रिकामा बाक दिसला. येणारे जाणारे मात्र तिकडे मान लववत होते.

प्रभुभोजनाच्या वेळी माणसं वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून बसली. मधे एकाची जागा सोडून.

सिव्हेर्त भाकरीच्या पातळ चकत्या देत सरकत होता. त्या जागेपाशी तो थांबला. चकती त्याच्या चिमटीत होती, तोर्लेइवने नीट पाहिली. हात पुढे झाला.

मागे आला तेव्हा चिमूट रिकामी होती.

तोर्लेइव सगळ्यांदेखत पुढे गेला, ओणवा झाला आणि लाकडी जमीन चाचपली. कणही नव्हता.

“रग्ना,” तो हळूच म्हणाला. “काही विचारणार नाही मी.”



मग कठड्यापासून दारापर्यंत, बाकामागून बाक, सगळ्यांच्या माना संथपणे वळत गेल्या.